कॉलरच्या आतलं नाव

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मागच्या भिंतीला एक लाकडी कपाट होतं. दारावर पांढऱ्या रंगात 'मोडकी काच' असं लिहिलेलं होतं, आणि आत मोडकी काच कधीच नव्हती. मोडक्या काचेच्या कपाटात कोण कशाला हात घालील? म्हणून तर दस्तगीरने ते तसं लिहून ठेवलं होतं.

आत ॲप्रन असत. धुतलेले, नीळ दिलेले, घडी घातलेले जुने ॲप्रन.

दस्तगीर तांबोळी बारामतीत जळोचीच्या बाजूच्या त्या कॉलेजात एकाहत्तर साली लॅब अटेंडंट म्हणून चिकटला, तेव्हा त्याचं शिक्षण सातवी पास. त्यानंतर पंचवीस वर्षांत पाच विभागप्रमुख होऊन गेले, पण कुठल्या बाटलीचं बूच अडकतं आणि कुठल्या ब्युरेटची तोटी गळते, हे विचारायला सगळे दस्तगीरकडेच यायचे. मुलं त्याला मामा म्हणत. सरांच्या देखत न विचारता येणारं सगळं मामाला विचारत.

ॲप्रन अंगात नसेल तर प्रॅक्टिकलला उभं करायचं नाही, हा कॉलेजचा नियम. दरवर्षी जुलैत एखादं पोर दारात उभं राहून म्हणायचं, "ॲप्रन विसरला, सर." दुसऱ्या दिवशीही विसरायचं. तिसऱ्या दिवशी ते यायचंच नाही. विसरणारं पोर आणि नसणारं पोर, यातला फरक दस्तगीरला चेहऱ्यावरून कळायला लागला, आणि मग त्याच्याने राहवेना. त्याने शेवटच्या वर्षाच्या एका मुलाला गाठून विचारलं, "तुला आता ह्यो कशाला लागतोय? ठिवून जा की."

त्यातून रीत पडली. शेवटची परीक्षा झाली की ज्याला वाटेल त्याने आपला ॲप्रन मामाकडे ठेवायचा. ठेवण्याआधी कॉलरच्या आतल्या बाजूला रंगीत दोऱ्याने आपलं नाव आणि गाव घालायचं. दस्तगीरची बायको शहाजादी ते धुण्याच्या सोड्यात उकळून, वाळवून, घडी करून द्यायची. जुलैत विसराळू पोर दिसलं की दस्तगीर हाक मारायचा, "ए, जरा मागं ये, काच उचलायचीय." दोन मिनिटांनी ते पोर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काखेत धरून बाहेर यायचं. अट एवढीच, की कुणाला सांगायचं नाही आणि जाताना नाव घालून परत द्यायचा. एकेका कॉलरीत चार-चार, पाच-पाच नावं झाली होती. कोण कुणाच्या ॲप्रनमध्ये शिकलं, हे त्या कॉलरींना आणि दस्तगीरला ठाऊक. शहाजादीला वाचता येत नव्हतं, आणि तिलाही त्याने कधी सांगितलं नाही.

शहाण्णवच्या जुलैत शेळगावची ज्योत्स्ना दारात उभी राहिली आणि म्हणाली, "विसरला, सर."

बारीक अंगाची, दोन वेण्या घातलेली, रोज एस.टी.ने येणारी. बाप बुद्धघोष साखर कारखान्यात हंगामी कामाला, घरात आजोबा. काच उचलायला मागे आली तेव्हा तिने ॲप्रन हातात घेतला नाही.

"कुणाचा उतरलेला हाय का, मामा?"

"का गं?"

"आमच्या आबांना चालत न्हाय. छप्पन साली त्येंनी ठरवलंय, दुसऱ्याचं उतरलेलं कापड घरात आणायचं न्हाय. आधीच्या लोकांनी लई घातलं म्हणत्यात."

आजवर कुणी असं तोंडावर विचारलं नव्हतं. दस्तगीरने कॉलर उलटी करून तिला नावं दाखवली.

"उतरलेला न्हाय, पोरी. ही सगळी ह्यात शिकली आणि धुऊन पुढं दिऊन गेली. तुझ्याकडं राखायला दिलाय. तीन वर्षं राख, तुझं नाव घाल, आणि दे पुढं. कुणाचं नाव मातर कुणाला सांगायचं न्हाय."

तिने ती नावं एकेक करून वाचली. मग ॲप्रन घातला. बाह्या लांब झाल्या, त्या तिने दोनदा दुमडल्या.

दुसऱ्या आठवड्यात ज्वालेची परीक्षा होती. अनोळखी क्षार प्लॅटिनमच्या तारेवर घेऊन बर्नरच्या ज्योतीत धरायचा आणि रंगावरून धातू ओळखायचा. ज्योत पिवळीधमक झाली, सगळ्यांनी सोडियम लिहिलं आणि मोकळे झाले. ज्योत्स्ना मात्र तार धुऊन पुन्हा पुन्हा ज्योतीत धरत बसली.

"मामा, पिवळ्याच्या मागं आनखी कायतरी हाय."

"काय?"

"जांभळट. कपड्यावर पडलेला जांभळाचा डाग धुतल्यावर राहतो ना, तसं. पिवळं आडवं येतंय म्हणून धड दिसंना. ते पिवळं अडवणारी एखादी काच न्हाय का?"

दस्तगीरने खणातून निळी काच काढून दिली. काचेतून पोटॅशियमची जांभळी ज्योत लख्ख दिसली आणि ती पोरगी एकटीच हसली. ती काच सरांनी अजून शिकवली नव्हती. पंचवीस वर्षांत न शिकवता ती मागणारं हे दुसरंच पोर. पहिला होता बावड्याचा संभाजी, अठ्ठ्याहत्तरच्या बॅचचा. त्या दिवशी दस्तगीर घरी गेला तो शीळ घालतच. शहाजादीने विचारलंसुद्धा, पगार वाढला का म्हणून.

आणि योग असा, की त्याच आठवड्यात संभाजी स्वतःच कॉलेजात आला.

आता तो साहेब झाला होता. पुण्याजवळ औषधांचा कारखाना, दारात पांढरी मोटार, आणि नव्यानेच काढलेल्या माजी विद्यार्थी संघाचा तो अध्यक्ष. पण आल्या आल्या त्याने प्रयोगशाळेत येऊन दस्तगीरच्या पायांना हात लावला. दस्तगीरला भरून आलं. विज्ञानाच्या पुढच्या पोरांसाठी काहीतरी करायचंय, असं संभाजी म्हणत होता. नवीन कोरे ॲप्रन देऊ, कुणाचे जुनेपाने घालायला नकोत.

"पण कुणाला गरज आहे हे प्राचार्यांना सांगता येईना, मामा. तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

आपण काय करून बसलो, हे दस्तगीरला त्या वेळी कळलं नाही. मागाहून तो स्वतःला शिव्या घालायचा ते याच जागेवर येऊन. आपलं एवढं नावारूपाला आलेलं पोर आपल्याला विचारतंय, याच आनंदात तो होता. त्याने चौदा नावं सांगितली. तोंडपाठ होती. संभाजीने डायरीत लिहून घेतली आणि गावंही विचारून घेतली.

मग कामं भराभर झाली. कपाटही आता लपून राहिलं नाही; प्राचार्यांनी जुने ॲप्रन काढून कपाट मोकळं करायला सांगितलं. दस्तगीरने मुलांकडून ते परत मागून घेतले. ज्योत्स्नाने घडी हातात देताना विचारलं, "ह्यात माझं नाव घालायचं राह्यलं की, मामा."

"नव्यात घाल. त्यात तुझंच पयलं."

ती हसली. कोरा ॲप्रन कुणाला नको असतो?

जुने ॲप्रन दस्तगीरने दुपारी बसून टराटरा फाडले. प्रयोगशाळेत फडकी केव्हाही लागतातच, आणि नवे येणार म्हटल्यावर हात आखडायचं काही कारण नव्हतं. एक तेवढा त्याच्याने फाडवला नाही. ज्योत्स्नाने परत दिलेल्या त्या ॲप्रनच्या कॉलरीत दुसऱ्या ओळीला लाल दोऱ्याने घातलेलं होतं, 'संभाजी, बावडा'. तो त्याने पुन्हा कपाटात ठेवला.

कार्यक्रम शनिवारी झाला. शाली झाल्या, नारळ झाले, हार घालून घेणाऱ्यांची संख्या हार घालणाऱ्यांपेक्षा जास्त झाली. मग ध्वनिक्षेपकावरून एकेक नाव आणि गाव पुकारलं जाऊ लागलं. दस्तगीरने कानात सांगितलेली नावं भोंग्यातून येत होती. चौदा मुलं एकेक करून स्टेजवर गेली. फोटोग्राफर म्हणाला, ॲप्रन उघडून छातीशी धरा, अक्षरं दिसू द्या. खिशावर निळ्या शाईत छापलं होतं, 'माजी विद्यार्थी संघातर्फे गरजू विद्यार्थ्यास सप्रेम भेट'.

ज्योत्स्नाने साहेबांच्या हातून ॲप्रन घेतला. ती साहेबांच्या तोंडाकडे जरा वेळ बघत राहिली, मग मान खाली घालून उतरली.

संभाजी चांगला बोलला. विज्ञान, देश, जिद्द, ग्रामीण भाग, सगळं आलं. दस्तगीर शेवटच्या रांगेमागे उभा राहून एका वाक्याची वाट बघत होता. 'मीसुद्धा याच कॉलेजात दुसऱ्याच्या ॲप्रनमध्ये शिकलो.' एवढं एक वाक्य आलं असतं, तर चौदा माना वर झाल्या असत्या. भाषण संपलं, टाळ्या झाल्या, ते वाक्य आलं नाही. संभाजीच्या मनात काळं नव्हतं, हे दस्तगीर शपथेवर सांगेल. तो स्वतःचे ते दिवस विसरला होता, किंवा ते सांगायची त्याला अजून लाज वाटत होती.

सोमवारी प्रॅक्टिकल सुरू झालं आणि एका टेबलावरून कुणीतरी हाक मारली, "ए गरजू, पिपेट दे इकडं." चार जण हसले. हसणारी पोरं काही वाईट नव्हती. पण नाव पडलं ते पडलं. दुपारपर्यंत चौदाही जणांचं ते एकच नाव झालं. एकाने खिशात रुमाल खोचून अक्षरं झाकली, दुसऱ्याने छातीशी वही धरायची सवय लावून घेतली.

ज्योत्स्नाने आपला ॲप्रन घडी करून, खिसा आत जाईल असा, टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला होता.

"ॲप्रन कुठाय?" सरांनी विचारलं.

"विसरला, सर."

टेबल पुसता पुसता दस्तगीरचा हात थांबला. दुसऱ्या दिवशीही ती विसरली. तिसऱ्या दिवशी ती आलीच नाही.

दस्तगीरने तो ॲप्रन घरी नेला. खिशावरची शाई काढायला आधी स्पिरिट लावलं, मग ॲसिटोन, मग ब्लीचिंग पावडर. अक्षरं फिकट झाली, पण वाचता येतच होती. पंचवीस वर्षं आम्लांच्या बाटल्या हाताळलेल्या माणसाने शेवटी काचेच्या कांडीने नायट्रिकचा थेंब सोडला. 'गरजू' गेलं, आणि त्याबरोबर कापडही गेलं. तिथे बोट जाईल एवढं भोक पडलं.

शहाजादी बघत होती. "मला पंचवीस वर्सांत एक नाव सांगितलं न्हाय," ती म्हणाली. "आन् भोंग्याला चौदा सांगितली."

दस्तगीरला रडू आलं, आणि ते त्याने लपवलंही नाही.

दोन आठवडे झाले तरी ज्योत्स्नाचा पत्ता नव्हता. तेव्हा रविवारी फाडायचा राहिलेला तो जुना ॲप्रन पिशवीत घालून तो शेळगावला गेला. घर सापडायला वेळ लागला नाही. ओट्यावर बाजीरावआबा बसले होते. पासष्टीचे, ताठ पाठीचे, स्वच्छ धोतर नेसलेले.

"जय भीम, आबा. मी कॉलेजातला दस्तगीर."

"जय भीम. या, बसा." त्यांनी आतून पाणी मागवलं. मग उशाखालून वर्तमानपत्राचा तुकडा काढून त्याच्यापुढे धरला. चौदा मुलांचा फोटो होता. छातीशी धरलेली अक्षरं स्पष्ट वाचता येत होती. "चावडीवर लोकांनी मला वाचून दाखवला. मला वाचाय येतं, तरी वाचून दाखवला."

"चूक माझी हाय, आबा."

"कुणाची का आसंना. मी मेलेली ढोरं वढायची सोडली, हात पसरायचा सोडला. म्हटलं, माझ्या नातीला कुणी काय घाल म्हणून देणार न्हाय. आन् पेपरात हे आलं." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर दस्तगीरला बरं वाटलं असतं.

ज्योत्स्ना पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. दस्तगीरने पिशवीतून ॲप्रन काढला.

"ह्यो तुझा जुना. ह्याच्यावर काय छापलेलं न्हाय. चल माझ्यासंगं उद्या. सरांच्या मी हातापाया पडतो."

"दाखला काढला, मामा. इंदापूरला बी.ए.ला नाव घातलंय. बारामतीची माझी जागा बी दुसऱ्या कुणाला दिली म्हणं." ती सरळ बोलली, रडली नाही. "आन् आले असते तरी काय? मी दारातनं आत आले, की ते आधी खिशाकडं बघणार."

"पर ती निळी काच..." दस्तगीर म्हणाला.

"तितं निळी काच न्हाय," ती म्हणाली. "इतिहास हाय, मराठी हाय. घेतलंय कायतरी."

आबांनी हात पुढे केला. "बघू ते कापड. कुणाकुणाची नावं हायेत म्हणती ही त्यात?"

दस्तगीर ॲप्रन पुढे करणार, एवढ्यात ज्योत्स्नाने तो मधेच घेतला आणि कॉलर आत दुमडून टाकली. "पोरांची हायेत, आबा. तुमच्या वळखीची कुणी न्हाईत. तुमी बसा, मी आलेच." आणि ती तो घेऊन आत गेली.

आतून तिच्या आईने, रंगुबाईने, चहा पाठवला. चहा निवून गेला तरी ज्योत्स्ना बाहेर आली नव्हती. आबा पावसाबद्दल दोन वाक्यं बोलले, दस्तगीर हूं म्हणाला.

एस.टी.ची वेळ झाली तेव्हा ती त्याला पोचवायला रस्त्यापर्यंत आली. घडी केलेला ॲप्रन तिने त्याच्या पिशवीत घातला.

"नाव घातलंय," ती म्हणाली. "तुमीच म्हणला व्हता, जाताना घालून द्यायचं."

"ज्योत्स्ना, मघाशी आबांना वाचू का दिला न्हाईस?"

"आबांच्या ध्यानात आलं असतं, मामा. पेपरात खाली साह्यबांचं नाव हाय, गाव बी हाय. मला तर स्टेजवरच कळलं. अठरा दिवस ती कॉलर माझ्या मानंला लागत व्हती."

"आन् तू कुणाला बोलली न्हाईस? ती पोरं गरजू गरजू करीत व्हती, तवा बी?"

"नाव सांगायचं नसतं ना," ज्योत्स्ना म्हणाली.

एस.टी. आली. दस्तगीर चढला. खिडकीतून त्याला ती दिसत होती, एस.टी. वळेपर्यंत तिथेच उभी होती.

फेब्रुवारीत संभाजी पुन्हा आला. पुढच्या वर्षासाठी पन्नास ॲप्रन शिवायला टाकायचे होते. फोटो छान आला होता, इतर बॅचच्या लोकांचेही फोन येत होते.

"मामा, यंदाची नावं जरा लवकर द्या म्हणजे झालं."

दस्तगीर उठला. 'मोडकी काच' लिहिलेलं कपाट त्याने उघडलं. आत एकच ॲप्रन होता. तो त्याने टेबलावर ठेवून कॉलर उलटी केली. संभाजी हसत वाकला. आधी त्याला वरचं नाव दिसलं, मग लाल दोऱ्यातलं आपलं स्वतःचं. हसू तिथेच थांबलं. त्याने ते नाव अंगठ्याने चाचपून पाहिलं. मग तो एकेक ओळ खाली येत गेला. अगदी शेवटी, निळ्या दोऱ्याने, नवंच नाव होतं. 'ज्योत्स्ना, शेळगाव'.

"ही कुठल्या बॅचची?" त्याने विचारलं. "पास होऊन आता कुठे असते?"

"पास कुठली, साह्यब. अठरा दिवस व्हती."

संभाजीला कळलं नाही. दस्तगीरने त्याला सगळं सांगितलं. निळ्या काचेचं सांगितलं, भोंग्याचं सांगितलं, खिशाचं सांगितलं, आबांच्या उशाखालच्या कागदाचंही सांगितलं. संभाजी मधे एकदाच बोलला, "मामा, मला खरंच..." आणि तेही वाक्य अर्धं राहिलं.

"तुमचं नाव मी अठरा वर्सं कुणाला सांगितलं न्हाय," दस्तगीर म्हणाला. "तिचं अठरा दिवसांत सांगितलं. तो गुन्हा माझा. पर एक सांगतो, संभाजी. स्टेजवर तू तिला ॲप्रन देत व्हतास, तवा तिला ठाऊक व्हतं तू कोण ते. तुझ्याच ॲप्रनात शिकत व्हती ती. एक शब्द बोलली असती, तर तिचं हसू झालं नसतं, तुझं झालं असतं. तिनं तुझं नाव राखलं."

संभाजी स्टुलावर बसला. बराच वेळ त्याने कॉलर सोडली नाही. बाहेर तास संपल्याची घंटा झाली, मुलांचे पाय वाजले. दस्तगीरने हळूच त्याच्या हातून ॲप्रन सोडवून घेतला, घडी केली, कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.

"यंदा मी नावं देणार न्हाय," तो म्हणाला. "जुलैत कुणी विसरून आलं, तर द्यायला एवढा एक हाय माझ्याकडं."